गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर अर्ध-मॅरेथॉनची तयारी

सगळ्यात आधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर ऑपरेशनचं नाव काय लिहिलंय ते नीट वाचा. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटल्यावर दुर्बिणीतून दोन अगदी वेगळी कामं होतात. फाटका तुकडा कापून कडा गुळगुळीत केली असेल तर कार्डावर 'पार्शल मेनिसेक्टॉमी' असतं. फाटलेला भाग टाके घालून शिवला असेल तर 'मेनिस्कस रिपेअर'. बाहेरून दोन्हींत दोन-तीन बारीक छेदच दिसतात आणि दोन्ही पेशंट एक-दोन दिवसांत घरी येतात, म्हणून गोंधळ होतो. शेजारचा दोन महिन्यांत पळायला लागला हे बघून शिवलेल्या गुडघ्याचा माणूसही मैदानावर उतरतो आणि आतले टाके उसवतात.

गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. त्यामुळे तिथली फाट शिवली तर भरून येते, पण त्याला महिने लागतात. आतल्या भागाला रक्त पोहोचत नाही, तिथला फाटका तुकडा बहुधा कापावा लागतो. कापल्यावर भरून यायचं काही उरत नसल्याने चालणं लवकर सुरू होतं. मात्र राहिलेल्या गादीवर आणि हाडाच्या टोकावरच्या कूर्चेवर आयुष्यभर जास्त भार येतो.

कार्ड इंग्रजीत असतं आणि बेळगावात राउंडवरचं बोलणं पुष्कळदा कन्नडमध्ये होतं. कळलं नाही तर नुसती मान हलवून बाहेर पडू नका. चार प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरंही कागदावर घ्या. कापलं की शिवलं? गादी गुडघ्याच्या आतल्या बाजूची की बाहेरच्या (प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात)? पायावर किती भार टाकायचा, गुडघा किती अंशांपर्यंत वाकवायचा आणि हे किती आठवडे पाळायचं? कूर्चेची झीज दिसली का, लिगामेंटलाही, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यालाही, काही करावं लागलं का? निपाणी-चिकोडीची माणसं ऑपरेशनला कोल्हापूर-मिरजेला जातात आणि नंतर फिजिओ मात्र गावाजवळचा गाठतात. ऑपरेशन न पाहिलेल्या त्या फिजिओच्या हातात हा कागद असायलाच हवा.

ढोबळ हिशेब असा. आतल्या बाजूची गादी थोडी कापली असेल तर सहा ते आठ आठवड्यांआधी पळू नये. बाहेरच्या बाजूची कापली असेल तर गुडघा जास्त दिवस सुजतो, आठ ते बारा आठवडे धरा. शिवली असेल तर चार ते सहा महिने. गादीचं मूळच हाडाला परत बांधलं असेल तर सहा महिन्यांच्या पुढे. त्यानंतर चालत-पळत शिकायला दीड महिना आणि एकवीस किलोमीटरपर्यंत चढत जायला पंधरा आठवडे. म्हणजे कापलेल्या गादीला सात महिने आणि शिवलेल्याला नऊ ते अकरा महिने. मे महिन्यात गादी कापली असेल तर डिसेंबर-जानेवारीची शर्यत धरता येते. शिवली असेल तर त्या हंगामाचा नाद सोडा. लिगामेंटही बसवलं असेल तर हे वेळापत्रक तुमचं नव्हेच, सर्जनचं वेगळं असेल ते पाळा.

पहिले दोन आठवडे

गुडघ्यात पाणी साठलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता हात घ्यायला लावतो. दुखत नसतानाही तो स्नायू अर्ध्या ताकदीने काम करतो आणि दहा-बारा दिवसांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी उतरते. पुढे पळताना जी दुखणी मागे लागतात त्यांतली बरीचशी या मांडीतून येतात. म्हणून या दिवसांत दोनच कामं: सूज उतरवणं आणि मांडी जागी ठेवणं.

पाय सरळ ठेवून झोपा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल घ्या आणि मांडी आवळून गुडघ्याने टॉवेल खाली दाबा. पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून पाच-सहा फेऱ्या. वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. नसेल सरकत तर दुसऱ्या पायाची मांडी आधी आवळून बघा आणि मग दोन्ही एकदम. हे जमलं की मांडी आवळून सरळ पाय वीतभर उचला, दहाच्या तीन फेऱ्या. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर हा व्यायाम अजून दोन दिवस थांबवा. पायाचा पंजा खाली-वर करणं दर तासाला वीस वेळा, याने पोटरीतलं रक्त साकळत नाही.

उशी गुडघ्याखाली ठेवू नका. ते बरं वाटतं, पण त्याने गुडघा थोडा वाकलेलाच आखडतो आणि मग पूर्ण सरळ व्हायला महिने घेतो. उशी टाचेखाली ठेवा, गुडघा हवेत लोंबू द्या, दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा. पूर्ण सरळ न होणारा गुडघा घेऊन कोणी पळू नये. प्रत्येक पावलाला वाटीवर जादा ताण येतो. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघेपर्यंत जखम कोरडी ठेवा, आणि ती पूर्ण भरेपर्यंत विहीर, नदी, तलाव बंद.

पोटरी एका बाजूची सुजून दुखायला लागली, दम लागला, छातीत दुखलं, ताप आला, जखम लाल होऊन पू दिसला, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरीतली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतते.

आता आपल्या घरांतल्या गोष्टी. परदेशी वेळापत्रकांत त्या नसतात आणि गुडघे बिघडतात ते इथंच. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं यांत गुडघा पूर्ण वाकतो आणि गादीच्या मागच्या भागावर चेपणारा भार येतो. शिवलेल्या गादीला पहिले चार-सहा आठवडे साधारण नव्वद अंशांपलीकडे वाकायची परवानगी नसते आणि खोल बसणं चार ते सहा महिने वर्ज्य असतं. देशी संडास असेल तर ऑपरेशनच्या आधीच कमोडची खुर्ची आणून ठेवा. जेवण, पूजा, गणपतीची आरती, सगळं खुर्चीवर किंवा उभ्याने. कापलेल्या गादीच्या पेशंटनेही सहा आठवडे हेच पाळलेलं बरं.

शेतातलं काम त्याहून वाईट. खानापूर भागात भाताच्या लावणीला चिखल पाय धरून ठेवतो आणि वरचं अंग वळतं. रोवलेल्या पायावर शरीर पिळणं म्हणजे गादी फाटण्याची नेमकी क्रिया. ते वर्ष लावणीला उतरू नका, बांधावरचं काम घ्या. दुचाकीचंही तसंच आहे. चालवताना फारसं बिघडत नाही, सिग्नलला गाडी कलताना झटकन पाय टेकवताना पिळ बसतो. एका पायावर दहा सेकंद न डुगडुगता उभं राहता येईपर्यंत आणि दुखण्याची गोळी पूर्ण सुटेपर्यंत दुचाकी नको. बसमध्ये चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. मधल्या वाटेकडेची जागा घ्या म्हणजे पाय लांब करता येतो.

तिसऱ्या आठवड्यापासून पळण्यापर्यंत

यापुढचे आठवडे कापलेल्या गादीचे आहेत. शिवलेल्या गादीला हेच व्यायाम, पण सर्जनने भार आणि वाकणं मोकळं केल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून.

सायकल हे या काळातलं सगळ्यात गुणकारी औषध. पॅडल पूर्ण फिरायला गुडघा शंभर-एकशेदहा अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर जबरदस्ती करू नका, अर्धं पुढे-मागे झुलवा. घरची साधी सायकल स्टँडवर लावून मागचं चाक उचललेलं चालतं. सीट इतकी उंच करा की पॅडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. खालची सीट हे वाटीच्या पुढच्या दुखण्याचं पहिलं कारण आहे. पाच मिनिटांनी सुरुवात, दर दोन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत तीस-चाळीसपर्यंत. रस्त्यावर मात्र पाचव्या-सहाव्या आठवड्याआधी नको, खड्डा चुकवताना पाय टेकावा लागतो.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. जिम नसली तरी चालेल. पंधरा ते वीस सेंटीमीटरची पायरी, घट्ट खुर्ची आणि पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ पुरतो.

खुर्चीवरून उठणं-बसणं दोन्ही पायांनी, पंधराच्या तीन फेऱ्या. जमलं की भार ऑपरेशनच्या पायावर जास्त आणि शेवटी त्या एकाच पायाने. पायरीवर चढणं दहाच्या तीन. पायरीवरून पुढे उतरणं दहाच्या तीन: चांगल्या पायाची टाच जमिनीला टेकेपर्यंत तीन सेकंद घ्या, धपकन पडू नका. हा उतरण्याचा व्यायाम सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा. पळताना प्रत्येक पावलाला मांडी हेच करते, पडणारं शरीर झेलते. आरशासमोर करा; गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल तर कुल्ल्याचा बाजूचा स्नायू कमी पडतोय. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, पंधराच्या तीन. पाठीवर झोपून कंबर उचलणं पंधराच्या तीन. भिंतीला हात टेकवून एका पायाने टाच उचलणं, पंधरापासून पंचवीसपर्यंत. फेऱ्या सहज व्हायला लागल्या की सॅक पाठीवर घ्या आणि संख्या पुन्हा आठवर आणा. वजन न वाढवता वर्षभर तेच केलं तर मांडी भरत नाही.

रोज सकाळी उठण्याआधी, पाय सरळ ठेवून, शिंप्याच्या टेपने वाटीच्या मध्यावर गुडघ्याचा घेर मोजा आणि वहीत लिहा. नेहमीच्या मापापेक्षा सेंटीमीटरभर वाढला तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं. टेप नसेल तर गुडघ्याच्या आतल्या बाजूवरून तळव्याने दोन-तीनदा वरच्या दिशेने पुसा, मग बाहेरच्या बाजूवरून वरून खाली हात फिरवा. आतल्या खळग्यात पाण्याचा फुगवटा परत आला तर सूज आहे. दुखणं फसवतं, दोन दिवस उशिरा येतं किंवा येतच नाही. पाणी फसवत नाही.

पळायची परवानगी

आठवडे भरले म्हणून पळू नका. खालचं सगळं एकाच आठवड्यात जमायला हवं. गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ होतो. वाकताना टाच कुल्ल्यापासून चार बोटांच्या आत येते. आठवडाभर टेपचं माप वाढलेलं नाही. सपाट रस्त्यावर पंचेचाळीस मिनिटं भरभर चालून दुखत नाही आणि लंगडायला होत नाही. खुर्चीवरून एका पायाने सलग दहा वेळा उठता येतं. एका पायाने टाच वीस वेळा उचलली जाते. वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटीमीटरवर दोन्ही मांड्यांच्या घेरात दोन सेंटीमीटरहून जास्त फरक नाही. जागच्या जागी त्या एका पायावर दहा उड्या मारता येतात. शेवटची चाचणी शेवटीच करा आणि शिवलेल्या गादीला सर्जनच्या होकाराशिवाय करूच नका.

मग चालणं-पळणं. पाच मिनिटं चालून अंग गरम करा. पहिला टप्पा: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा. दुसरा: दोन मिनिटं पळणं, दोन चालणं, सात वेळा. तिसरा: तीन आणि एक, सात वेळा. चौथा: पाच आणि एक, पाच वेळा. पाचवा: दहा आणि एक, तीन वेळा. सहावा: सलग तीस मिनिटं. प्रत्येक टप्पा एक दिवसाआड, निदान तीन वेळा. पळताना दुखणं दहापैकी दोनपर्यंत चालेल, तीनवर गेलं की तिथूनच चालत घरी. दुसऱ्या सकाळी माप वाढलं तर ते उतरेपर्यंत फक्त सायकल, मग आधीच्या टप्प्यावर परत. गुडघा अडकला, कुलूप लागल्यासारखा सरळच होईना, तर टप्पे-बिप्पे सोडून सर्जनकडे जा.

पावलं आखूड ठेवा. तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि चारने गुणा. एकशेसाठ आला तर एकशेअडुसष्टकडे न्या, वेग तोच ठेवून. पाच टक्क्यांनी पावलं वाढवली तरी पाय शरीराच्या जवळ पडतो आणि गुडघ्यावरचा मार कमी होतो.

जागा निवडताना सपाटपणा आधी बघा, मऊपणा नंतर. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतली मातीची वाट सुरुवातीला चांगली, पण पावसाळ्यात शेवाळ आणि मुळं दोन्ही घात करतात. जून ते सप्टेंबर कॅम्पातले डांबरी रस्ते बरे. मैदानावर फेऱ्या मारत असाल तर दर पाच मिनिटांनी दिशा उलटी करा, वळणावर आतला गुडघा सतत पिळला जातो. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. एकाच कडेने रोज पळालं तर एक पाय कायम खाली पडतो. काळ्या मातीची पायवाट ओली असेल तर त्या दिवशी घरातच सायकल मारा. अथणी-रायबागकडे मार्चपासून ऊन तापतं, तिथं साडेसातच्या आत आटोपलं पाहिजे.

पंधरा आठवडे

आठवड्यातून तीनच धावा: रविवारी लांब, मंगळवारी तीस ते पंचेचाळीस मिनिटं, शुक्रवारी तेवढंच. सोमवारी आणि गुरुवारी ताकद, बुधवारी सायकल, शनिवारी पूर्ण आराम. रविवारची किलोमीटरं अशी: ६, ७, ८, ६, मग ९, १०, १२, ९, मग १३, १५, १७, १२, मग १८, १० आणि पंधराव्या रविवारी शर्यत. दर चौथ्या आठवड्याची उतरण गाळू नका; हाड आणि कूर्चा दमापेक्षा सावकाश भरतात, छाती तयार असते तेव्हा गुडघा तयार नसतो. लांब धाव अशा वेगाने की बोलता येईल. वेगाचे व्यायाम नवव्या आठवड्यानंतर, शुक्रवारी, आणि तेही सपाटीवर: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, चार वेळा.

चढ आधी, उतार फार नंतर. चढताना गुडघ्याला मार कमी बसतो, उतरताना मांडी ब्रेक लावत राहते आणि सगळा भार सांध्यात जातो. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ दहाव्या आठवड्यापासून चालत-पळत करायला हरकत नाही, पण उतरताना पूर्ण चाला. याच कारणाने पहिली शर्यत म्हणून साताऱ्याची हिल मॅरेथॉन निवडू नका. यवतेश्वरचा चढ दमवतो खरा, पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला त्रास देतो तो परतीचा उतार. पहिली शर्यत सपाट हवी.

बिघडतं कुठं? बहुतेकदा वाटीच्या पुढे किंवा खाली. तिथं दुखायला लागलं तर गादीला काही झालंय असं समजून घाबरू नका. मांडी कमी पडतेय. आठवड्याची एक धाव कमी करा, पायरीवरून उतरण्याचा व्यायाम वाढवा. दुसऱ्या पायाची पोटरी किंवा टाच दुखणं हे लपून लंगडत असल्याचं लक्षण. मोबाइलवर मागून व्हिडिओ काढून बघा. गुडघ्यावर चढवायची पट्टी ऊब देते, ताकद देत नाही. ती घातल्याशिवाय पळता येत नसेल तर पळायची वेळ आलेली नाही. डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी घेऊन पळणं सगळ्यांत धोक्याचं. त्याने इशारा दबतो, आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या किडनीला इजा करू शकतात. जोराने चोळून मालीश, गुडघा कडकड मोडून घेणं, हेही नको.

खाण्याबाबत थोडक्यात. उतरलेली मांडी भरायची तर साठ किलोच्या माणसाला दिवसाला पंचाहत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंडी बारा ग्रॅम, अर्धा लिटर दूध सोळा, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे बारा, तेवढीच कोरडी मटकी भिजवून बारा, दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या वीस. वर वाटीभर घट्ट आमटी. शाकाहारी असाल तर अंड्यांच्या जागी पन्नास ग्रॅम पनीर आणि वाटीभर दही. गोकाकचा करदंट धावेनंतर खावा. डिंक, सुकामेवा आणि तूप धावेआधी पोटात जड होतात. सव्वा तासापेक्षा लांब धावेत तासाला तीस ग्रॅम तरी साखर पोटात जाऊ द्या, एक मोठं केळं किंवा गुळाचा मोठा खडा, आणि ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवा. शर्यतीत जे खाणार ते बारा किलोमीटरच्या धावेपासूनच खाऊन बघा.

शेवटचे दहा दिवस ताकदीचे व्यायाम बंद. नवे बूट नकोत. शर्यतीचा जोड निदान ऐंशी किलोमीटर वापरलेला असावा. कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्याला जायचं तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. रात्रभर वाकलेल्या गुडघ्याने बसून पहाटे पळायला उभं राहिलं तर पहिले पाच किलोमीटर पाय आखडलेलाच राहतो. सुरुवातीला गर्दीत वाकडंतिकडं वळून पुढे घुसू नका, मागून निघा. पहिले दहा किलोमीटर सरावाच्या लांब धावेच्या वेगाने. पाण्याच्या टेबलावर ओल्या ग्लासांचा थर असतो, तिथं चाला. दुखणं तीनवर गेलं तर एक किलोमीटर चालून बघा. उतरलं नाही तर पुढच्या मदत केंद्रावर थांबा.

संपल्यावर लगेच गाडीत बसू नका, पंधरा मिनिटं चाला. परतीच्या वाटेवर दर तासाला उतरून पाय मोकळा करा. घरी आल्यावर बर्फ, टाचेखाली उशी, आणि पहिले तीन दिवस फक्त चालणं. माप थोडं वाढलेलं असणारच; ते चार-पाच दिवसांत उतरायला हवं. दहाव्या दिवशीही उतरलं नसेल तर पळू नका, सर्जनला दाखवा. उतरलं तर आठव्या दिवसापासून वीस मिनिटांची सावकाश धाव चालेल.